कोरड्या जमिनीवरचं पोहणं

दोस्तांनो, आज एका कोड्यानं सुरुवात करू या. एक शतांश सेकंद म्हणजे किती वेळ?

टाळी वाजवून बघा. डोळ्याची पापणी लववून बघा. यांतलं काहीही करायला एक शतांश सेकंदापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. एका सेकंदाचे शंभर सारखे तुकडे करायचे आणि त्यातला फक्त एक उचलायचा. तो हातात येईपर्यंत संपलेलासुद्धा असतो!

आता हा एवढासा तुकडा किती महाग पडू शकतो, ते ऐका. २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात इंडोनेशियात आशियाई खेळ झाले. जाकार्ता शहरात पोहण्याच्या शर्यती होत्या. पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे उतरला होता. भोंगा वाजला, आठही जण झेपावले आणि बघता बघता शर्यत संपली. वीरधवलची वेळ होती २२.४७ सेकंद. तिसऱ्या आलेल्या जपानी खेळाडूची २२.४६! म्हणजे वीरधवल चौथा आणि पदक गेलं, ते एका शतांश सेकंदानं. त्याच शर्यतीच्या प्राथमिक फेरीत त्यानं २२.४३ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला होता, हे कळल्यावर तर आणखीनच चुटपुट लागते.

मी ही गोष्ट माझ्या वर्गात गणिताच्या तासाला सांगते. मग फळ्यावर भागाकार करतो आम्ही. साडेबावीस सेकंदांत ५० मीटर, म्हणजे एका सेकंदात सव्वादोन मीटरच्या आसपास. मग एका शतांश सेकंदात किती? दोन सेंटिमीटरांहून जरासं जास्त. मुलं पट्टीवर दोन सेंटिमीटर मोजतात आणि त्यावर आपला अंगठा आडवा ठेवून बघतात. जेमतेम अंगठ्याएवढं अंतर! वर्गात एकदम शांतता पसरते. कसलाही उपदेश न करता वर्ग शांत होण्याचा असा प्रसंग मास्तरकीत फार थोड्या वेळा येतो, बरं का!

वीरधवलची गोष्ट केवळ हळहळण्याची नाही, हेही सांगायला हवं. २००८ साली, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, तो बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला. २०१० साली चीनमधल्या ग्वांगझू इथल्या आशियाई खेळांत त्यानं ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवलं. आशियाई खेळांत पोहण्यातलं पदक भारताला तब्बल २४ वर्षांनी मिळालं होतं. पुढे तो तहसीलदार झाला, सरकारी काम करू लागला, आणि तरीही पुन्हा पाण्यात परतून जाकार्तापर्यंत पोचला.

पण माझा प्रश्न वेगळाच आहे. ते अंगठ्याएवढं अंतर मिळवायचं कुठून?

तुम्ही म्हणाल, "पाण्यातून! अजून काय?" थांबा जरा. ५० मीटरची शर्यत सुरू कुठे होते? पाण्यात नाही. ती सुरू होते उडी मारायच्या ओट्यावर. भोंगा वाजताच खेळाडू पायांनी ओट्याला जोरदार रेटा देतो आणि बाणासारखा पुढे झेपावतो. नियमाप्रमाणे तो पंधरा मीटरपर्यंत पाण्याखालून जाऊ शकतो. त्याआधी डोकं पाण्याबाहेर यायलाच हवं. त्या पहिल्या पल्ल्यात उपयोगी पडतो तो पायांचा रेटा आणि शरीराचा ताठ, सरळ आकार. हे दोन्ही कमवायला पाणी लागत नाही. ते जमिनीवर कमवता येतं! म्हणूनच जगभरचे जलतरणपटू पाण्यात जितक्या मन लावून घाम गाळतात (हो, पाण्यातही घाम येतो!), तितक्याच मन लावून जमिनीवरही गाळतात. या जमिनीवरच्या सरावाला मी नाव दिलंय, कोरड्या जमिनीवरचं पोहणं.

मी काही पोहण्याची प्रशिक्षक नाही हं. मी ऐरोलीतल्या एका मराठी शाळेत प्राथमिकच्या मुलांना शिकवते. डी.एड.ला असताना शारीरिक शिक्षणाचा विषय होता, तेवढीच माझी तयारी. मग मी या भानगडीत पडले कशी? माझ्या वर्गातल्या एका मुलीमुळे.

ही मुलगी तेव्हा चौथीत होती. वडील टेम्पो चालवतात, आई एमआयडीसीतल्या एका कंपनीत साफसफाईच्या कामाला जाते. सगळं वर्ष थोडे थोडे पैसे बाजूला टाकून तिची आई तिला मे महिन्यात पोहण्याच्या शिबिरात घालायची. एकवीस दिवसांचं शिबिर. रिक्षाला पैसे नकोत म्हणून मायलेकी पहाटे चालत निघायच्या. एकवीस दिवस संपले की पोहणं बंद. मग थेट पुढचा मे! आणि पुढच्या मे महिन्यात काय व्हायचं? पहिले आठ-दहा दिवस गेल्या वर्षीचंच परत गिरवण्यात जायचे. दहा मीटर गेलं की हात भरून यायचे, की धरली काठाची कड. जरा कुठे सूर लागतोय, तर शिबिर संपलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एकदा तिनं मला विचारलं, "बाई, पोहणं अंगातून निघून जातं का हो?"

प्रश्न साधा होता, पण मला काही सुचेना. मी तिला म्हटलं, "विचारून सांगते." आणि खरंच, पुढच्या रविवारी शिबिर घेणाऱ्या सरांना जाऊन विचारलं. ते हसून म्हणाले, "पोहणं नाही निघून जात, बाई. सायकलसारखं आहे ते. एकदा आलं की आलं. निघून जातो तो जोर. आणि जोर काही पाण्यातच मिळतो असं थोडंच आहे? तो तुमच्या शाळेच्या अंगणातही मिळेल."

मला हे उत्तर फार आवडलं. पोहण्याची ऐपत आणि पोहणाऱ्याचं अंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत तर! तरणतलाव आमच्या हातात नव्हता, अंगण होतं.

पण पोहायला जोर लागतो कशाला? पाणी तर आपल्याला उचलून धरतं ना? याचं उत्तर तुम्ही घरच्या घरी शोधू शकता. एक बादली पाण्यानं भरा. तळहात उभा धरून पाण्यातून हळूच फिरवा. काहीच वाटत नाही. आता तोच हात भराभर फिरवा. पाणी कसं अडवतं बघा! पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं. शिवाय त्याचा एक खट्याळ नियम आहे: तुम्ही वेग दुप्पट केलात की ते तुम्हाला साधारण चौपट अडवतं. म्हणजे पाण्याशी नुसती दांडगाई करून भागत नाही. दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, आपलं अंग इतकं सडसडीत आणि सरळ ठेवायचं, की पाण्याला अडवायला जागाच मिळू नये. दुसरी, हातापायांनी पाणी जोरानं मागे ढकलायचं, म्हणजे आपण पुढे जातो. न्यूटनचा तिसरा नियम तुमच्या ताईदादाच्या विज्ञानाच्या पुस्तकात असेल, तो हाच.

हा मागे ढकलण्याचा जोर नेमका कुठून येतो, हे मला कळलं ते मात्र पुस्तकातून नाही. ऐरोली म्हणजे नुसते सेक्टर आणि काचेच्या इमारती नव्हेत. इथे खाडी आहे, कोळीवाडा आहे. आमच्या शाळेत बरीच मुलं आगरी-कोळी घरांतली. 'आपल्या परिसरातले व्यवसाय' हा पाठ शिकवताना मी एका मुलाच्या आजोबांना वर्गात बोलावलं होतं. साठीच्या पुढचे, पण खांदे बघाल तर दरवाजाच्या चौकटीएवढे! आयुष्यभर ठाण्याच्या खाडीत होडी वल्हवलेली. एका मुलानं विचारलं, "आजोबा, तुमच्या हातात एवढा जोर कसा?"

आजोबा म्हणाले, "हातात नाय रे, पाठीत. हातानं वल्हवणारा पोरगा दुपारपर्यंत थकतो. पाठीनं वल्हवतो, तो संध्याकाळी घरी येतो."

पुढे शिबिराच्या सरांनी मला पोहणाऱ्याचा हात कसा चालतो ते समजावलं, तेव्हा मला आजोबाच आठवले. फ्रीस्टाइलमध्ये हात नुसता दिसतो. पाणी खेचण्याचं खरं काम करतात ते काखेखालून कमरेपर्यंत पसरलेले पाठीचे रुंद स्नायू. आणि हात व पाय यांना जोडून ठेवतात ते पोटाचे नि कमरेचे स्नायू. हा मधला भाग ढिला असेल तर कंबर पाण्यात खाली जाते आणि पोहणारा ओली गोधडी ओढल्यासारखा पुढे सरकतो. होडीचं लाकूडच मऊ असेल तर वल्हं मारून काय उपयोग?

आपल्या महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. पेशवाईच्या अखेरच्या काळात, दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या वाढवली, असं सांगतात. मल्लखांब या नावातच बघा ना, मल्ल आणि खांब. कुस्तीगिराला समोर जोडीदार नसला तरी खांबाशी झटून अंग तयार करता येतं. म्हणजे हौद्याबाहेर केलेली कुस्तीची तयारीच ती! कुस्तीगिरासाठी खांब, तसं पोहणाऱ्यासाठी अंगण. तालमीतले जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार हे सगळे पोहणाऱ्यालाही तितकेच कामाचे.

परदेशात मात्र एके काळी उलटी समजूत होती. व्यायामानं स्नायू कमावले तर अंग आखडतं आणि पोहणारा जड होतो, असं पुष्कळ प्रशिक्षकांना वाटायचं. ही भीती घालवणाऱ्यांत अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे जेम्स काउन्सिलमन यांचं नाव मोठं आहे. पोहण्याकडे त्यांनी शास्त्रज्ञाच्या नजरेनं पाहिलं, १९६८ साली त्यावर मोठं पुस्तक लिहिलं, आणि जमिनीवर पोहण्यासारखा जोर लावता येईल अशा साधनांवरही काम केलं. त्यांचा विद्यार्थी मार्क स्पिट्झ यानं १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं मिळवली. आणि हे गुरुजी स्वतः १९७९ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, इंग्लिश खाडी पोहून गेले!

त्याच १९७२ साली, त्याच जर्मनीत, हायडेलबर्ग या गावी दिव्यांग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धा झाल्या. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक मिळवलं ते आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी, ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून. दिव्यांगांच्या या स्पर्धांमधलं ते भारताचं पहिलं सुवर्णपदक. पेटकर हे सैन्यातले जवान आणि मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कंबरेखालचं अंग लुळं पडलं. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि थेट जगज्जेते झाले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याविषयी वाचताना मला सारखं वाटतं, की पायांची साथ सुटल्यावर त्या पाण्यात त्यांना तारलं ते मुष्टियुद्धानं कमावलेल्या खांद्यांनी आणि न वाकणाऱ्या मनानं. जमिनीवर कमावलेलं काही वाया जात नाही. कधी, कुठे उपयोगी पडेल ते मात्र सांगता येत नाही.

तर मग आम्ही शाळेत काय सुरू केलं ते सांगते. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, शाळा भरायच्या आधी वीस मिनिटं. सरांकडून एकेक व्यायाम मी आधी शिकून घेतला, मग मुलांना दाखवला. पहिल्या दिवशी आले सात जण. दिवाळीपर्यंत तेवीस झाले.

पहिला व्यायाम 'बाण'. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. दोन्ही हात डोक्यावर सरळ, दंड कानांना चिकटलेले, एका तळव्यावर दुसरा तळवा. टाचा, पाठ, डोकं आणि हात सगळं भिंतीला लागायला हवं, आणि पोट आत. करून बघा, वाटतं तेवढं सोपं नाही! पाण्यात झेप घेताना अंगाचा हाच आकार लागतो.

दुसरा 'फळी'. पालथं होऊन कोपरं आणि पायांची बोटं टेकवायची नि बाकीचं अंग फळीसारखं ताठ उचलून धरायचं. कंबर खाली पडता कामा नये आणि वरही उंटासारखी उठता कामा नये. आम्ही दहा सेकंदांपासून सुरुवात केली. आकडे मोठ्यानं म्हणताना 'आठ' नंतर 'नऊ' यायला किती उशीर लागतो, ते तेव्हाच कळतं!

तिसरा जोर. ज्यांना जमिनीवरचे जोर जमत नाहीत त्यांनी आधी भिंतीला हात टेकून मारायचे, मग बाकाला आणि मग जमिनीवर. कुणी कुणाला हसायचं नाही, हा आमचा नियम. चौथा बैठका, आणि बैठकीतून वर उडी. उडी मारून खाली येताना मांजरासारखं, आवाज न करता यायचं. हाच तो ओट्यावरून झेपावण्याचा रेटा.

पाचवा व्यायाम तुमच्या घरी आजीसुद्धा करत असेल: वज्रासन! चकित झालात ना? पाण्यात पाय मारताना पावलं माशाच्या शेपटीसारखी मागे लांबवता यावी लागतात. घोटे ताठर असतील तर पाय मारूनही माणूस पुढे जात नाही. वज्रासनात बसलं की घोट्याचा पुढचा भाग हळूहळू मोकळा होतो. पंगतीत बसता बसताही सराव होतो.

सहावा एका पायावर उभं राहण्याचा. आमच्या खाडीत हिवाळा सुरू झाला की रोहित पक्षी येतात, ज्यांना तुम्ही फ्लेमिंगो म्हणता. ते कसे तासन्‌तास एका पायावर उभे असतात! आमची मुलं त्यांची नक्कल करतात. घोटे आणि कंबर यांचा तोल त्यानं सुधारतो. यात पहिलीची पोरंही सामील होतात आणि पडून हसतातही तीच.

आणि सातवा, सगळ्यांचा लाडका व्यायाम म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबचा. पंक्चरवाल्या काकांकडून टाकाऊ ट्यूब आणल्या. त्या मैदानातल्या पक्क्या लोखंडी खांबाला अडकवल्या. कमरेत थोडं वाकून, दोन्ही हातांनी ट्यूब धरून, पाणी खेचावं तशी ती मांडीपर्यंत खेचायची. कोपर उंच, मनगट सरळ. ट्यूबला चीर नाही ना, हे दर वेळी मी स्वतः बघते. तुटलेली ट्यूब तोंडावर फटकन बसते. याच ट्यूबनं खांद्याचे लहान लहान स्नायूही तयार करता येतात. कोपर बरगडीला चिकटवून हात दारासारखा बाहेर उघडायचा, इतकंच. हा व्यायाम दिसायला अगदी किरकोळ आहे, पण विचार करा, २५ मीटरला वीस हात धरले तर एक किलोमीटर पोहायला ८०० वेळा हात मारावे लागतात. खांदा दुखणं हे पोहणाऱ्यांचं नेहमीचं दुखणं आहे ते उगीच नाही. मोठे स्नायू नाव कमावतात, पण खांदा जागेवर ठेवतात ते लहान स्नायूच.

काही पालकांनी मला विचारलं, "बाई, अशानं मुलांची उंची खुंटणार नाही ना?" जुनी समजूत आहे ही. मुलांनी आपल्याच अंगाच्या वजनानं, नीट पद्धतीनं आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली केलेल्या व्यायामानं उंची खुंटत नाही, असं आजचे डॉक्टर सांगतात. मात्र मोठ्या दादाचे डंबेल उचलून पराक्रम दाखवायला जाऊ नका. आधी पद्धत, मग संख्या आणि वजन सगळ्यांत शेवटी. आणखी एक गंमत सांगू? तुमच्या वयात जोर वाढतो, तो मुख्यतः दंड फुगून नाही. मेंदूकडून स्नायूंना जाणारे निरोप जास्त नीट, एकदम आणि वेळेवर पोचायला लागतात, म्हणून वाढतो. तेव्हा आरशात दंड बघून हिरमुसू नका. आत काम चालू असतं!

आता त्या मुलीचं काय झालं, तेही सांगते. पुढच्या मे महिन्यात शिबिराच्या पहिल्या दिवशी ती पाण्यात उतरली. दहा मीटर गेली, काठ धरला नाही. पंधरा, वीस... पलीकडची भिंत गाठूनच थांबली. पंचवीस मीटर, एका दमात! तिची आई बाहेर जाळीला धरून उभी होती. ती काही बोलली नाही, नुसती पदरानं तोंड पुसत राहिली. मात्र खरं तेही सांगायला हवं. पलीकडे पोचल्यावर मुलीला इतका दम लागला, की पाच मिनिटं तिला बोलता येईना. हात भरले नव्हते, पण श्वास चुकला होता. पाण्यात तोंड केव्हा बाहेर काढायचं, हवा केव्हा सोडायची, हे पाणीच शिकवतं. जमीन ते शिकवत नाही. पण या वेळी ते शिकायला तिच्याकडे अख्खे वीस दिवस शिल्लक होते. शिबिराच्या अखेरीला ती न थांबता १०० मीटर पोहली. पदक वगैरे काही नाही. पण शाळेत आल्यावर तिनं मला तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. हे वाचताना जरा सावरून बसा.

आमच्याच गटातला एक मुलगा, पाचवीतला. अंगानं काटक, भिंतीवरून बाकावर आणि बाकावरून जमिनीवर आलेला. एके सकाळी सलग वीस जोर मारून उठला आणि म्हणाला, "बाई, आता माझ्यात जोर आलाय. रविवारी आम्ही पोरं खदानीत पोहायला जाऊ?" त्यानं पाण्यात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं!

माझ्या छातीत धस्स झालं. नवी मुंबईत डोंगराच्या बाजूला जुन्या दगडखाणी आहेत, त्यांत पावसाचं पाणी साचतं. वरून तळ्यासारखं छान दिसतं. पण काठ एकदम तुटलेला असतो. पहिलं पाऊल गुडघाभर पाण्यात, तर दुसरं डोक्याच्या वर. खाडीत तर आणखी वेगळं. भरती-ओहोटीची ओढ असते आणि खाली गाळ असतो. गाळात रुतलेला पाय पैलवानालाही निघत नाही. मी त्या दिवशी व्यायाम तिथेच थांबवला, सगळ्यांना खाली बसवलं आणि फळ्यावर दोनच वाक्यं लिहिली: 'जोर म्हणजे पोहणं नव्हे. जोर पोहणाऱ्याला मदत करतो, न पोहणाऱ्याला वाचवत नाही.' ती दोन्ही वाक्यं मुलांकडून वहीत लिहून घेतली. संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेले. आई-वडिलांशी बोलले. मुलाचा मामा तिथेच बसला होता. तो म्हणाला, "बाई, एवढी हौस आहे तर मेमध्ये शिबिराला मीच घालतो याला. पण खदानीचं नाव काढलंस तर बघ!"

मामानं शब्द पाळला. मुलगा शिबिरात गेला. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो नुसता थरथरत होता. वीस जोर मारणारा पठ्ठ्या! पण सरांनी त्याला तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढण्यापासून शिकवलं. 'बाण' आणि 'फळी' त्याला येतच होती. त्यामुळे पाण्यावर तरंगायला लागल्यावर पुढचं त्याला भरभर जमलं.

म्हणून सांगते दोस्तांनो, जमिनीवरचं पोहणं जरूर करा. त्याला तलाव लागत नाही, फी लागत नाही, पोहण्याचा पोशाख लागत नाही. एक दिवसाआड वीस मिनिटं आणि एक मोठं माणूस लक्ष ठेवायला असलं की झालं. आधी थोडं धावून अंग गरम करा. कुठे कळ आली तर तिथल्या तिथे थांबा. पण पाण्यात उतरायचं ते मात्र शिकवणारं कुणी जवळ असतानाच. एकट्यानं नाही, पैजेनं नाही आणि खदानीत किंवा खाडीत तर कधीच नाही. ज्याला पोहता येतं, त्यानंही नाही.

बाहेर पाऊस असो की परीक्षा, पोहण्याचा मोसम असो की नसो, भिंत तर प्रत्येकाच्या घरात असतेच ना? मग लावा बघू पाठ भिंतीला. हात वर, दंड कानांना, पोट आत. जमलं? शाबास! आता मोजा दहापर्यंत. आणि हो, सायकलची ट्यूब मात्र जुनीच घ्या हं! बाबांच्या चालू सायकलची काढलीत तर जोर मारायची पाळी बाबांच्या देखरेखीखाली येईल आणि मग त्याची संख्या तेच ठरवतील!